सातवी खुर्ची

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे. त्यात एक सोय असते, मधे कुणी बोलत नाही. वर्गात पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण ही सोय कधी मिळाली नाही.

तुझी चिमणी ठीक आहे. चष्म्याच्या दुकानातले मालक आता तिला गिऱ्हाइकांचे डोळे तपासायला बसवतात. मागच्या भेटीनंतर बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी विचारलं, "बाबा काय म्हणाले?" तर म्हणाली, "खोकला आहे." दर महिन्याला तुझ्याबद्दल मला एवढंच कळतं. खोकला आहे, किंवा नाही. तुरुंगाच्या फाटकाबाहेर मी बसते त्या बाकाला हल्लीच रंग दिलाय, आणि तो वाळलाय की नाही हे कुणी सांगितलं नाही. माझ्या पाठीवर अजून हिरवे पट्टे आहेत.

तुला ज्यासाठी लिहायला बसले ते असं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले एक न्यायमूर्ती वारले. वर्तमानपत्रात वाचलं असशील. दहा वर्षांच्या वर आत असलेल्यांची शिक्षा पुन्हा तपासता येते की नाही, हा तुम्हा सगळ्यांचा अर्ज त्याच न्यायालयापुढे आहे. वकील मला म्हणाले होते की सातांपैकी चार जण तुमच्या बाजूला झुकलेले दिसतात. गेलेले गृहस्थ त्या चारांतले. आता तीन विरुद्ध तीन, आणि सातवी खुर्ची भरेपर्यंत अर्ज तसाच पडून राहणार.

ती खुर्ची भरायची एक पद्धत आहे. सात जणांची निवड समिती असते. मुख्य न्यायमूर्ती अध्यक्ष, तीन वकील आणि तीन साधे नागरिक. ही समिती अर्ज मागवते, मुलाखती घेते आणि ज्यांना निदान चार मतं पडतात अशांतली वरची तीन नावं राज्यपालांकडे पाठवते. राज्यपाल त्यांतलं एक निवडतात.

गेल्या वर्षी शिक्षण मंडळानं त्या तीन साध्या नागरिकांत माझं नाव घातलं. तेव्हा वाटलं होतं, वर्षातून एकदा जायचं, चहा प्यायचा आणि घरी यायचं. खुर्च्या काय रोज रिकाम्या होत नाहीत.

औषध घेत जा.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पहिली बैठक झाली. न्यायालयाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. टेबल इतकं मोठं की ते आत आणून मग भिंती बांधल्या असाव्यात. उमेदवाराच्या खुर्चीचा एक हात हलतो. मी शिपायाला म्हटलं, एक स्क्रू घट्ट केला की झालं. तो म्हणाला, "बाई, त्यासाठी वरून मंजुरी लागते." सर्वोच्च न्यायालयाच्या वर आणखी कोण असतं, हे मी त्याला विचारलं नाही.

आत काय बोलणं होतं ते बाहेर सांगायची परवानगी नाही. शिवाय ही पत्रं तुझ्याआधी तिथे दुसरं कुणी वाचतं. त्यांना माझा नमस्कार. तेव्हा उमेदवारांबद्दल जे छापून आलंय तेवढंच लिहिते.

अर्ज बरेच आले आहेत. चर्चा दोघांचीच आहे. एक आपल्या राज्याचे मुख्य सरकारी वकील. राज्यपाल निवडून आले त्या निवडणुकीत त्यांच्या बाजूनं यांनी भाषणं केली होती आणि तुमच्या अर्जाला न्यायालयात विरोध तेच करताहेत. समितीत सिमेंटचा एक मोठा व्यापारी आहे, तो त्यांची स्तुती इतकी करतो की ऐकणाऱ्याला त्यांची कीव यावी.

दुसरा बगळा.

हो, तोच. हे नाव त्याला तूच दिलंस, खटल्याच्या पहिल्या दिवशी. मान पुढे काढून बसायचा म्हणून. तो आता अपील न्यायालयात आहे. तू पान फाडायच्या आधी पुढचं वाच. गेली काही वर्षं तो व्याख्यानांतून एक गोष्ट सतत सांगतोय. शिक्षा देताना मी माणसाला एका दिवसापुरता ओळखत होतो, म्हणतो, दहा वर्षांनी त्याच्याकडे पुन्हा बघायला नको का? त्याच्या स्वतःच्या हातून गेलेल्या लांब शिक्षा त्यानं मोजून लोकांसमोर मांडल्या आहेत. तुझीही त्यात असणार. तुला अठरा वर्षं देणारा माणूस आता तुमच्या अर्जाच्या बाजूचा आहे.

बैठकीच्या सुरुवातीला मुख्य न्यायमूर्तींनी विचारलं, कुणाचं कुठल्या उमेदवाराशी किंवा न्यायालयापुढच्या कुठल्या प्रकरणाशी काही नातं असेल तर आत्ताच सांगावं. सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. मग चहा आला. चहा पाणचट होता.

चिमणीनं निळ्या फ्रेमचा चष्मा घेतलाय. नंबर नाही, तरी घातलाय. म्हणते, दुकानाची जाहिरात.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं.

पाकिटावरचं अक्षर बघून मी आधी खाली बसले. अकरा वर्षांत तुझं अक्षर बदललं नाही, तो उलटा स अजून तसाच. उघडायच्या आधी चहा केला. मग तो प्यायला विसरले.

आत तीनच शब्द. "या वेळी तरी."

कितीदा वाचले ते सांगत नाही. अकरा वर्षं मी तुला सणावारी लिहीत नव्हते, दर पंधरवड्याला लिहीत होते. आई गेल्याचं लिहिलं. चिमणी न्हाती झाल्याचं लिहिलं, जे मी एका बापाला लिहायला नको होतं पण दुसरं कोण लिहिणार होतं? तेव्हा तुझ्याकडून एक ओळ आली नाही. आली ती आता.

मागच्या वेळी तू माझ्या मोरीत हात आणि शर्ट धुतलास आणि म्हणालास, "कुणी विचारलं तर सांग, मी संध्याकाळपासून तुझ्याकडेच होतो. जेवायला." मी तेव्हा हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. तू ते हो धरलंस. मग गॅरेजमध्ये तुझा भागीदार मेलेला सापडला, आणि कोर्टात माझं नाव पुकारलं गेलं. तिथे मी खरं ते सांगितलं. भाऊ रात्री आला, शर्ट ओला होता. तू माझ्याकडे बघत होतास. तेव्हापासून बघितलं नाहीस.

तुझे तीन शब्द मला समजले. यापुढे यावर लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

ताई


६ मार्च

प्रिय धाकट्या,

उद्या मुलाखती. थोडक्यात लिहिते.

काल चिमणीनं विचारलं, "आत्या, बाबा आले तर माझी खोली त्यांना देऊ? त्यांना खिडकी आवडेल ना?" मी म्हटलं, आधी येऊ देत. तर म्हणाली, "तू त्या समितीत आहेस ना? वकीलकाका म्हणत होते, सगळं त्या एका खुर्चीवर आहे." मी तिला रागावले. अशा गोष्टी घराबाहेर बोलायच्या नाहीत म्हटलं. तिला मी क्वचित रागावते, त्यामुळे ती घाबरली. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं, की इथे काहीतरी आहे.

माझ्या वर्गात कुणी उत्तर बघून गणित मांडलं की मी वही परत करायचे. उत्तर बरोबर असलं तरी. मुली रडायच्या. मी म्हणायचे, उत्तर कुणीही आणेल, तू तिथे पोचलीस कशी ते दाखव. मला बगळा हवा आहे, कारण त्या यादीत त्याच्याइतका विचार करून बोलणारा दुसरा कुणी नाही. त्याचे निकाल मी वाचलेत, गेले तीन आठवडे तेच करते आहे. तू आत नसतास तरी मी त्यालाच मत दिलं असतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाठ केल्यासारखं वाटायला लागलंय.

झोप येत नाही. बाकी प्रकृती बरी.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

सगळं छापून आलंय, आणि तिथे वाचनालयात वर्तमानपत्र येतं. तरी तू माझ्याकडून ऐकावंस.

बगळा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. म्हातारा झालाय. मान आणखी पुढे आली आहे. हलणाऱ्या हाताच्या खुर्चीत बसला आणि कोर्टात करायचा तसं टेबलावरच्या प्रत्येकाकडे एकदा बघितलं. मी पाण्याच्या ग्लासवरची झाकणी नीट करत होते. ती नीटच होती.

मुख्य न्यायमूर्ती म्हणाले, "सुरुवात करू या."

"त्याआधी एक गोष्ट," बगळा म्हणाला. "समितीतल्या या बाईंना मी ओळखतो. मी जिल्हा न्यायालयात असताना त्या माझ्यासमोर साक्षीदार होत्या. त्यांच्या भावाला मी शिक्षा दिली, तो अजून तुरुंगात आहे, आणि त्याचा अर्ज तुमच्या न्यायालयापुढे आहे. त्यांनी हे तुम्हाला सांगितलं असेलच. पण माझ्या बाजूनंही नोंद असावी."

सांगितलं असेलच. धाकट्या, त्या माणसानं हे वाक्य कुठल्याही कुत्सितपणाशिवाय म्हटलं. खात्रीनं म्हटलं. सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोललेली बाई इथे बसली आहे, म्हणजे ती सांगूनच बसली असणार, असा त्याचा सरळ हिशोब.

मुख्य न्यायमूर्ती माझ्याकडे वळले. "बाई?"

"नाही सांगितलं," मी म्हणाले.

"मी पहिल्या दिवशी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही मान हलवली होती."

"हो."

"का?"

मी म्हणाले, "भावासाठी."

सिमेंटवाला हसला. "म्हणजे कैद्याची बहीण न्यायमूर्ती निवडणार होती. उत्तम." त्याच्या शेजारी बसणाऱ्या दंतवैद्य बाई आजवर माझ्याशी फार मायेनं बोलायच्या, त्यांनी आपली खुर्ची जरा बाजूला घेतली. फार नाही. वीतभर.

मी बगळ्याकडे बघितलं. त्याला आत्ता कळलं होतं की त्यानं काय केलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि माझ्याही. त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि तो परत घालायला त्याला बराच वेळ लागला. "मला वाटलं होतं," एवढंच म्हणाला आणि पुढचं सोडून दिलं.

मला बाहेर जायला सांगितलं. समितीतून नाव काढल्याचं पत्र नंतर घरी आलं. पण त्या वेळी मी जिन्यापर्यंतही पोचले नाही. व्हरांड्यात एका बाकड्यावर बसून राहिले. त्याची मुलाखत संपली तेव्हा तो बाहेर आला. टाळून जाईल असं वाटलं. तो येऊन उभा राहिला.

"माफ करा," म्हणाला.

"तुम्ही कशाबद्दल?"

"तुमच्या साक्षीची गोष्ट मी नव्या न्यायाधीशांना शिकवताना सांगतो. नाव न घेता. गेली कितीतरी वर्षं."

"आता सांगू नका," मी म्हटलं.

"सांगणार," तो म्हणाला. "ती साक्ष खरीच होती. आजच्यामुळे ती खोटी होत नाही."

तो जायला वळला, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "मी तुम्हालाच मत देणार होते."

तो थांबला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. "बाई, ते मला कळायला नको होतं," म्हणाला आणि जिना उतरून गेला. कठड्याला धरून, एकेक पायरी.

माझ्याशिवाय सहा उरले. मतांचा आकडा जाहीर होतो, तो तू वाचला असशील. त्याला तीन मतं पडली. चार लागत होती.

मी काही बोलले नसते आणि तोही काही बोलला नसता, तर तो आज यादीत असता. मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर माझ्या जागी शिक्षण मंडळानं दुसरं कुणी पाठवलं असतं, आणि त्या माणसानं काय केलं असतं कुणी सांगावं. मी असं केलं की दोन्ही बुडालं.

ताई


४ मे

प्रिय धाकट्या,

राज्यपालांनी सरकारी वकिलांना नेमलं. समारंभ टीव्हीवर दाखवला. मी बघत नव्हते, चिमणी बघत होती. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "झाला का?" ती म्हणाली, "झाला. उंच आहे." त्यांनी सरकारतर्फे चालवलेली प्रकरणं ते स्वतः ऐकणार नाहीत, असं आधी सगळे म्हणत होते. ते ऐकणार असं आता जाहीर झालंय. आपण वैयक्तिक कुणाच्याच विरुद्ध नव्हतो, अशिलाचं म्हणणं मांडत होतो, असं त्यांचं म्हणणं. माझी मान हलली होती, त्यांची तीही हलली नाही.

इथलं विचारशील तर, शाळेनं जुन्या मुख्याध्यापिकांच्या फोटोंतून माझा काढला. भिंतीला नवा रंग द्यायचा म्हणून सगळेच काढलेत, असं शिपाई सांगून गेला. तो बिचारा खोटं बोलताना कानाची पाळी ओढतो. दुकानात एका बाईनं चिमणीला विचारलं, तू तीच का? चिमणी म्हणाली, हो, आणि चष्म्याची काच पुसत राहिली.

त्या रात्री जेवताना तिनं मला विचारलं, "आत्या, तू हे बाबांसाठी केलंस की माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "जेव."

"मला खोली द्यायची होती," ती म्हणाली, "पण अशी नाही." आणि ताट उचलून गेली. धाकट्या, ती आपल्या दोघांहून सरळ निघाली आहे. कुणावर गेली कुणास ठाऊक.

ताई


२८ जून

प्रिय धाकट्या,

निकाल तुला माझ्या आधी कळला असेल. चार विरुद्ध तीन. शिक्षा जशा आहेत तशा राहतील. नव्या न्यायमूर्तींनीच निकालपत्र लिहिलंय. मी ते सगळं वाचलं. मांडणी स्वच्छ आहे, भाषा चांगली आहे, कुठेही आवाज चढलेला नाही. वाईट लिहिलेलं असतं तर चिडता आलं असतं.

वकील म्हणतात, आता वर जायला वाट नाही. तुझी उरलेली वर्षं मी मोजत नाही. माझं वय तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतात हृदय जरा थकलंय, चालायचंच. चिमणीला दुकानाच्या मालकांनी पुढचं शिक्षण करायला सांगितलंय, संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलंय. घर तिच्या नावावर करून ठेवलंय. हे तुला माहीत असावं म्हणून सांगते, काळजी करावीस म्हणून नाही.

परवाच्या भेटीनंतर ती बाहेर आली आणि बसमध्ये न चढता माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बाबांनी विचारलं, ताई खरंच गप्प बसली होती का? मी हो म्हटलं. मग म्हणाले, पुढच्या वेळी तिलाही आत आण, मी भेटीच्या यादीत नाव लिहून देतो."

मी अकरा वर्षं याच निरोपाची वाट बघत होते. तो आला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पुढची बस आली, आम्ही बसलो, आणि अर्ध्या रस्त्यात मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. चिमणीनं खिडकीकडची जागा मला दिली.

मी खरं बोलले म्हणून तू मला टाकलंस. आता लबाडी केली म्हणून जवळ घेतोयस. तुझ्या जागी मीही असंच वागले असते का, मला सांगता येत नाही. आतल्या माणसाला बाहेरच्यांचा न्याय लावू नये, हे मी अलीकडे शिकले. पण तुला भेटायला येणारी बाई कोण आहे हे तुला आधी माहीत असावं. मला परत कोर्टात उभं केलं, तर मी तेच सांगेन. तू त्या दिवशी माझ्याकडे जेवायला नव्हतास. एक माणूस मेला होता, त्यालाही घर होतं, आणि त्याच्या बायकोनं माझी साक्ष चालू असताना डोक्यावरचा पदर तोंडात धरला होता, ते मला अजून दिसतं. समितीत मी जे केलं ते तुझ्यावरच्या मायेनं केलं, आणि ते चूक होतं. बगळ्याला त्याची खुर्ची गमवावी लागली, तुमच्यासारख्या शेकडो जणांना त्यांची संधी. गप्प बसली ती तुझी बहीण होती. पण साक्ष दिली तीही तुझी बहीणच होती. तुला एक हवी असेल आणि दुसरी नको, तर तसं जमणार नाही. दोघी एकाच बसनं येतात.

हे वाचून तुला चालत असेल तर माझं नाव लिही. नसेल चालत तर लिहू नकोस, मी तुला दोष देणार नाही. चिमणीला मी दर महिन्याला घेऊन येईनच.

खोकल्याचं कळव.

तुझी
ताई